पियानोला घसारा नसतो

२ जानेवारी
नवं वर्ष, नवी वही. यापुढे फक्त लाँग टर्म विचार.

ऑफिसात मी घसारा सेक्शनला. कंपनीच्या खुर्च्या, पंखे, कपाटं आणि गाड्या यांची किंमत दर वर्षी किती घटली ते लिहायचं, हे माझं काम. आजवर माझ्या हातून कुठल्याही वस्तूची किंमत वाढलेली नाही. कॅशियर आज सगळ्यांदेखत म्हणाला, याच्याशी हात मिळवू नका रे, संध्याकाळपर्यंत निम्मे व्हाल. मीही हसलो. पण लागलं.

संकल्प: आयुष्यात एक तरी अशी वस्तू घ्यायची जिला घसारा नाही.

९ जानेवारी
सापडली! न्हाव्याकडे नंबर लागायची वाट बघत बसलो होतो, तिथल्या जुन्या मासिकात लेख होता. उत्तम पियानो जितका जुना, तितका महाग. पान हळूच फाडून आणलं. लेखाचा शेवट पुढच्या पानावर होता, पण मुद्दा कळला होता.

१७ जानेवारी
एक हॉटेल बंद पडलंय. त्याच्या लॉबीतला पियानो विकायला आहे. ग्रँड. काळाभोर, तीन पायांचा. शेजारी उभं राहिलं की आपोआप आवाज खाली येतो.

दलाल जाणकार वाटला. वाजवून दाखवा म्हटलं तर दुखावला. म्हणाला, साहेब, बंद पाकिटातली नोट तुम्ही मोजून मळवता का? ही वाजवायची वस्तू नाही, ठेवायची वस्तू आहे. पटलं. आमच्या खात्याचा नियमच आहे, वापर तिथे घसारा. वापरच नाही तर घसारा कुठून येणार?

पैशांचा प्रश्न नाही. स्वतःच्या फ्लॅटच्या बुकिंगसाठी आम्ही साठवलेले आहेत. निम्मे माझ्या पगारातले, निम्मे बायकोच्या शिवणकामाचे. बायको आमच्या लेकीला, चिमणीला घेऊन बहिणीकडे गेलीय, बहिणीच्या बाळंतपणाला. फोन करून विचारणार होतो, पण अशा वेळी माणसाला त्रास देऊ नये.

गणित साधं आहे. आत्ता त्या पैशात एका खोलीचं घर येतं. दहा वर्षांनी पियानोत तीन खोल्यांचं येईल.

२५ जानेवारी
पियानो आला. जिन्यात वळला नाही. क्रेन बोलावली. पुढच्या खोलीची खिडकी चौकटीसकट काढली, बाजूची भिंतही थोडी फोडली, तेव्हा कुठे आत गेला. घरमालक खालीच राहतात. खुर्ची टाकून सगळं बघत होते. एका शब्दाने तक्रार नाही. अट एकच घातली, भिंत बांधताना खिडकी लहान करायची. त्यांना ती कधीपासून लहानच हवी होती म्हणे. देवमाणूस.

पियानो बाहेर कसा काढणार, असं गवंड्याने विचारलं. त्याला लाँग टर्मचा अर्थ समजावून सांगितला.

२८ जानेवारी
बायको आणि चिमणी परतल्या.

बायको दारातच उभी राहिली. आत यायला जागा कुठून आहे ते तिला पटकन दिसलं नाही. मी दाखवलं. मग म्हणाली, घराचे पैसे कुठायत? मी म्हटलं, हेच आपलं घर. फक्त सध्या पियानोच्या स्वरूपात आहे.

ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ धुतलेलीच भांडी धूत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, गाजराची पुंगी बरी, वाजली नाही तर मोडून खाता तरी येते.

जरा वाईट वाटलं. पण मोठ्या निर्णयांना घरातून सुरुवातीला विरोध होतोच.

चिमणी मात्र खूश. सात वर्षांची आहे, पण पारख आहे. बाबा, एक पट्टी दाबू? म्हणाली. कुलूप लावलं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

४ फेब्रुवारी
पलंग विकला. पर्याय नव्हता. आता आम्ही तिघं पियानोखाली झोपतो. फायदा असा की वरून प्लास्टर पडलं तरी अंगावर येत नाही. प्लास्टर पियानोवर पडेल हे नंतर लक्षात आलं. घरातली एकुलती एक चांगली रजाई त्याच्यावर घातली.

उठताना डोकं आपटलं. हळूहळू सवय होईल.

६ फेब्रुवारी
आपटलं.

१९ मार्च
चिमणीचा वाढदिवस. काय हवं विचारलं. म्हणाली, एकदाच, एकच पट्टी. मी तिला जवळ घेऊन नीट समजावलं. बेटा, एक सूर वाजला की तेवढी किंमत उतरते. जुना झाला की वाजवू. ती म्हणाली, पण हा जुनाच आहे ना? म्हटलं, अजून पुरेसा नाही.

रडली नाही. समजूतदार आहे. नंतर बंद झाकणावर बोटं नाचवत बसली होती. त्याने घसारा होत नाही, म्हणून चालू दिलं.

११ एप्रिल
उकाडा भयंकर. पियानोला एकसारखी हवा लागते, म्हणून पंखा त्याच्याकडे फिरवून बांधून टाकलाय. बायको म्हणाली, अहो, पोरीच्या अंगावर घामोळं उठलंय. म्हटलं, फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत पंखा असेल. म्हणाली, कुठल्या फ्लॅटमध्ये? हल्ली असं तिरकस बोलते.

कॅशियरला पियानोचं सांगितलं. त्याने तोंडात बोटंच घातली. माझ्या मते हेव्याने.

१४ जून
बायकोला एका शाळेच्या गणवेशांची ऑर्डर मिळाली. ढीगभर कापड आलंय. कापायला जमिनीवर जागा नाही, कारण उघड आहे. संध्याकाळी घरी येतो तर रजाई खाली, पियानोवर निळं कापड पसरलेलं आणि ही हातात कात्री घेऊन उभी! माझ्या काळजाचं पाणी झालं. ती शांतपणे म्हणाली, एक तर हे टेबल होईल, नाहीतर मी माहेरी जाईन.

तात्पुरती परवानगी दिली. अटी: कात्री टेकवायची नाही, खडू मऊ वापरायचा. तिने अटी ऐकल्या असाव्यात.

३० जून
बायको म्हणते, असं टेबल बाजारात मिळणार नाही. एका वेळी कापडाचे कितीतरी थर मावतात. एका बाजूची वळणदार कड बाहीच्या कटिंगला बरोबर बसते. तरी मी सांगत होतो, वस्तू उत्तम आहे.

चिमणी खडूने त्यावर पियानोच्या पट्ट्या काढते. कापड पसरलं की पुसल्या जातात. परत काढते.

२ सप्टेंबर
मालकांनी भाडं वाढवलं. कारण विचारलं. म्हणाले, आता हे पियानोसकट घर झालं. म्हटलं, पियानो माझा आहे. म्हणाले, असेल, पण घर माझं आहे आणि तो घराबाहेर निघत नाही. खिडकीकडे बोट दाखवलं. छान लहान झालीय.

याकडे सकारात्मक बघायला हवं. घराची किंमत वाढवण्याइतका पियानो किमती आहे, हे आज त्रयस्थ माणसाने मान्य केलं. वाढीव भाडं बायको भरते. तिला आता दुसऱ्या शाळेचंही काम मिळालंय.

१ जानेवारी
वर्षाचा आढावा. घसारा: शून्य. वाजवणं: शून्य. डोकं आपटणं: लिहीत नाही.

संकल्प: किमतीचा दाखला आणायचा. लेखी. लॅमिनेट करून कॅशियरच्या टेबलावर ठेवायचा.

२३ फेब्रुवारी
मूल्यांकन करणारे गृहस्थ आले. सूटबूट. पियानोखालून वाकून यावं लागलं म्हणून जरा नाराज होते. बायकोने कापड गुंडाळलं. चिमणी अभ्यास टाकून समोर बसली. मी गळ्यातली किल्ली काढली.

त्यांनी विचारलं, शेवटचा वाजवला कधी? मी अभिमानाने म्हटलं, कधीच नाही. हॉटेलातसुद्धा नुसता शोभेला होता. एकही सूर खर्च झालेला नाही.

ते म्हणाले, तेच तर.

मग बराच वेळ आत डोकं घालून बसले. तारा गंजल्यात. आतली मोठी फळी तडकलीय. पट्ट्यांखालचं लोकरी कापड उंदरांनी खाल्लंय. रोज वाजत राहिला असता, वेळच्या वेळी सुरात लावून घेतला असता, तर टिकला असता म्हणे. पियानो बंद राहून मरतो. आणि थेट त्याच्यावर पंखा सोडायची अक्कल कोणाची? मी गवंड्याचं नाव सांगितलं.

किंमत विचारली. म्हणाले, बाहेर काढायच्या खर्चाइतकीही नाही. वरचं मोठं झाकण मात्र उत्तम लाकडाचं आहे. ते बायकोला माहीत होतंच.

ते गेल्यावर चिमणी म्हणाली, बाबा, आता किंमत गेली ना? मग दाबू?

दाब म्हटलं. तिने फ्रॉकला हात पुसले. एक बोट हळूच ठेवलं आणि दाबलं. दारावर कुणी टकटक करावं तसा आवाज आला. दुसरी दाबली, तेच. तिसरी खाली गेली ती वर आलीच नाही. चिमणीने स्वतःच झाकण लावलं आणि म्हणाली, जाऊ दे बाबा.

तिने हट्ट केला असता तर बरं झालं असतं. मला आज फार वाईट वाटलं. इतकं, की जेवण गेलं नाही.

२४ फेब्रुवारी
सेकंड ओपिनियन घ्यावं असं वाटतंय. लेखाचं पुढचं पान वाचायला न्हाव्याकडे गेलो. मासिक रद्दीत गेलं होतं. बरंच झालं.

१० नोव्हेंबर
बायकोने फ्लॅट बुक केला. एका खोलीचाच, पण स्वतःचा. मला फक्त फोटो द्यायला बोलावलं होतं. तिथल्या माणसाने विचारलं, पैशांची व्यवस्था कशी केलीत? मी सांगायला सुरुवात केली की दूरदृष्टीने एक पियानो... बायको मध्येच म्हणाली, कपडे शिवून.

परत येताना मी म्हटलं, मूळ टेबल माझ्यामुळेच आलं ना? म्हणाली, त्यासाठी सुतार होता हो. त्याच्याकडचं टेबल दारातून आत येतं.

६ मे
घर बदललं. मालक म्हणाले, भिंत फोडायची नाही. शेवटी सुतार आणून बायकोच्या टेबलासाठी वरचं झाकण आणि तीन पाय सोडवले. ते जिन्यातून सहज गेले. बाकीचा पियानो विटांवर टेकवून मालकांच्या हवाली केला. निघताना पाहिलं, गेटवर पाटी लावत होते: पियानोसह घर भाड्याने देणे आहे.

किल्ली द्यायची राहिली. गळ्यातच आहे.

७ मे
ऑफिसात कॅशियरने घराबद्दल पेढे मागितले. पियानोचं काय झालं विचारलं. म्हटलं, त्यातूनच घर झालं. एकंदरीत माझा अंदाज बरोबरच ठरला म्हणायचा. फक्त दहा वर्षांऐवजी लवकर फळ मिळालं, म्हणून खोल्या कमी.

९ मे
रविवार. नवीन घर, रिकामी दुपार. पंखा आमच्याकडे तोंड करून. बायको मशीनवर. चिमणी टेबलापाशी उभी. कडेला खडूने पट्ट्या काढल्या होत्या, काळ्यांच्या जागी निळा खडू. त्यावर बोटं चालवत तोंडानेच सूर काढत होती. हळू, पण एकदम सुरात. कुठून शिकली कोण जाणे. मी दारातून बघत होतो. मला पाहिलं आणि थांबली.

मी जवळ जाऊन खुर्ची ओढली. म्हटलं, वाजव की बेटा, मला ऐकायचंय.

तिने माझ्याकडे बघितलं, मग हाताने पट्ट्या झाकल्या. म्हणाली, आत्ता नको बाबा. जुनं होऊ दे, किंमत वाढेल.

बायकोचं मशीन थांबलं होतं. मी खुर्ची जागेवर ठेवली आणि बाहेर जाऊन बसलो.