अव्वाचा आवाज नसलेली सीडी

उदगीर,
१४ ऑगस्ट २००५

राजूअण्णास,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. अप्पांचा उजवा हात अजून उचलत नाही, बोलणंही परतलं नाही. तुझी सीडी मिळाली.

लातूरच्या क्लासवाल्यांना लई आवडली म्हणे. आवडणारच. त्यांच्या हार्डडिस्क गेलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर नुसती सीडी घातली की अप्पांच्या आवाजातले गणिताचे धडे सुरू. तू त्यांना सांगितलंस, "मी बनवली." सांग, त्यावरून मी भांडत नाही.

पण त्यातला कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मी बांधला, हे तुला माहीत आहे. सगळी सिस्टिम दाबून बसवल्याशिवाय एका सीडीवर धड्यांना जागा नव्हती, आणि आपल्या कर्नलला दाबलेली फाइलसिस्टिम वाचताच येत नव्हती. ते शिकवणारा कोडचा तुकडा, पॅच, लावला, कर्नल पुन्हा बांधला, तरी मशीन सुरू होतानाच अडकायचं. तुला फोन केला तर म्हणालास, "अंबिका, मीटिंगमध्ये आहे." शेवटी माझं मलाच सापडलं. वाचायचा भाग मी कर्नलबाहेर, वेगळा मोड्यूल म्हणून ठेवला होता, आणि तो मोड्यूल त्याच दाबलेल्या फाइलसिस्टिममध्ये. कपाटाची किल्ली कपाटातच. तो भाग कर्नलमध्येच घातला, तेव्हा कुठे अप्पांचा आवाज खोलीत आला.

आणि त्यांच्यामागून आपल्या आईचा, अव्वाचा. अप्पा धड्यांच्या कॅसेट भरायचे तेव्हा ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो सर, पोरांना जेवायला सोडता की न्हाई?" अप्पा हसायचे. लकवा झाल्यापासून ते दुपारी तेवढ्यासाठीच धडा लावायला खुणावतात.

तुझ्या सीडीत ती नाही. धडा संपला तरी अप्पा माझ्याकडे बघत राहिले. तुला फोन केला तर म्हणालास, "मागची खरखर काढली फक्त." मूळ धडे असलेली माझी डिस्क नेलीस ती पुसून परत पाठवलीस. कॅसेटींना बुरशी होती म्हणून फेकल्यास.

चुकून झालं म्हणू नकोस. त्या फाइलसिस्टिमवर नुसतं वाचता येतं, काही बदलता येत नाही. सगळं उलगडून, प्रत्येक धड्यातून अव्वाला वेचून काढून, पुन्हा दाबून बसवावं लागतं. त्याला तुला वेळ होता. तिच्या मातीला यायला नव्हता.

ती खरखर नव्हती, अण्णा. तुलाच तिचा आवाज ऐकवत नव्हता.

माझी पहिली कच्ची सीडी जळकोटच्या संगप्पा मास्तरांकडे होती. काल एसटीने जाऊन घेऊन आले. अव्वाची हाक आली आणि अप्पांच्या तोंडून शब्द निघाला. अर्धवट होता, पण अव्वाचं नाव होतं, 'गंगम्मा'च. इतक्या महिन्यांतला पहिला.

याची प्रत मी टपालाने पाठवणार नाही. तुला हवी असेल तर घरी ये, अप्पांशेजारी बस आणि पूर्ण ऐक. मध्येच उठू नकोस.

रागावलेली, पण दार उघडं ठेवलेली,
अंबिका