फुलाबाईचं उलटं गाणं

१३ फेब्रुवारी २००६
आजपासून मी साउंड इंजिनिअर. कालपर्यंत सटाण्यात लग्नाच्या डीजेवर बटणं दाबणाऱ्या हर्षलला ललितशेठनी पहिल्याच चहाबरोबर ही पदवी देऊन टाकली. स्टुडिओ द्वारका चौकाजवळ, हार्डवेअरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर, आत गायकाची खोली, मध्ये जाड काच. सगळ्या भिंतींना फोम, त्यामुळे खाली ट्रकांनी कितीही हॉर्न बडवले तरी इथं काही ऐकू येत नाही. आतल्या खोलीला बाहेरून कडी आहे. दार आपोआप उघडतं म्हणून लावली, असं शेठ म्हणाले. आईला फोन केला. एव्हाना सगळ्या गल्लीत बातमी पोचली असेल.

१८ फेब्रुवारी
जत्रेच्या गाण्यांचे रिमिक्स चालू आहेत. आज झांजेचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये उलटा केला. सुलटा आवाज वाजतो आणि विरत जातो. उलटा केला की लांबून चालत येतो आणि अगदी अंगावर आला की थांबतो. मला फार आवडलं, दिवसभर जे सापडेल ते उलटं केलं. शेठची जांभईसुद्धा सोडली नाही. ते हसले. माणूस दिलदार वाटतो.

२२ फेब्रुवारी, बुधवार
शेठ जेवायला देवळाली कॅम्पला गेले होते. तेवढ्यात एक बाई जिना चढून आल्या. नाव फुलाबाई, सुरगाण्याकडच्या, द्राक्षतोडणीला आल्यात. त्यांची मुलगी मीना गेल्या वर्षी इथंच गायची. वैशाखात वारली. दहाव्याला बायका जे गाणं म्हणतात ते त्यांना रेकॉर्ड करायचं होतं. पाच कडव्यांचं गाणं. मेलेल्याला चुलीपासून उठवायचं, मग उंबरा, अंगण, गावची शीव, आणि शेवटी नदीपार पोचवायचं. गाताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही.
मग त्यांनी विचारलं, हे उलटं होतं ना? माणसाला उलटं गाता येत नाही, पण इथलं मशीन करतं, असं मीनानं घरी सांगितलं होतं. मी एक बटण दाबून दाखवलं. रोज दुपारी एकेक कडवं लावायचं, एवढंच त्यांचं मागणं. आईची माया, दुसरं काय. मी हो म्हटलं.

२३ फेब्रुवारी
उलट्या गाण्यातलं पहिलं कडवं लावलं, म्हणजे सुलट्यातलं शेवटचं, नदीचं. फुलाबाई, मी त्यांना मावशी म्हणतो, तोडणीचा खाडा करून जिन्यात बसून होत्या. मला का कुणास ठाऊक, खोलीत शेवाळ्याचा वास आला.

२४ फेब्रुवारी
शिवेचं कडवं. हार्डवेअरवाले सावळीराम वर येऊन भांडले. तुमच्याकडचं कोण ओल्या पायांनी माझ्या दारावरून जातं, असं विचारत होते. मी हसण्यावारी नेलं.

२५ फेब्रुवारी
अंगणाचं कडवं. खाली पार्किंगमध्ये ओली पावलं, लहान, अनवाणी. जिन्याकडे येणारी. परत जाणारी एकही नाही.
आतल्या खोलीच्या दारावरचा फोम खालून नवा आहे, रंग वेगळा. आज तो उचकटला. आत प्लायवूडवर नखांचे ओरखडे. खूप.
मावशींना जाऊन विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. सीडीवर आपलं नाव छापल्याशिवाय पुढचं गाणं गाणार नाही, म्हणाली मीना. शेठनी बाहेरून कडी घातली, गाशील तेव्हा उघडतो म्हणून जेवायला गेले. लाईट गेली, पंखा बंद, हवा यायला फट नाही. संध्याकाळी उघडलं. फिट आली, असं गावाला सांगितलं. मावशी एवढंच म्हणाल्या, "पोर जिथं गेली, तिची चूल तिथंच हाय."
एकोणीस वर्षांची होती. माझ्या बहिणीएवढी. शेठच्या हातचा चहा पितो मी, मला माझीच किळस येते. उलटं गाणं तिला परत आणतंय, हे कळलं, तरी आता थांबणार नाही. पाचही कडवी वाजणार.

२६ फेब्रुवारी
उंबऱ्याचं. दाराची पायपुसणी चिंब झाली. शेठनी ती पाहिली आणि कुणाचं गाणं लावलंस म्हणून विचारलं. मी सांगितलं, मीनाच्या आईचं. चेहरा उतरला त्यांचा. मला बरं वाटलं.

२७ फेब्रुवारी, दुपारी १२
शेठ जेवायला गेले नाहीत. माझ्यावर पाळत. तरी लावलं. चुलीचं, शेवटचं.
संपलं आणि लाईट गेली. कॉम्प्युटर बंद. पण गाणं आत चालू — आतल्या खोलीत — तरण्या पोरीचा आवाज.
शेठ वायर बघायला आत गेले. दार लागलं. कडी आपली आपण सरकली. मी खुर्चीवरून हललोही नव्हतो.

१२.२०
टॉर्चच्या उजेडात लिहितोय. शेठ ठोठावतायत. उघडायला दहा पावलं. नाही उघडत. तिनं किती वेळ ठोठावलं असेल?

१२.४५
नाव छापतो म्हणतायत. मोठ्या अक्षरात. आता?

१.१०
मावशी दारात आल्या. ठोठावणं ऐकलं. किती वेळ चाललंय, विचारलं. मी सांगितलं, तासभर. वाटलं, पाठीवर हात फिरवतील. त्या माझ्या खुर्चीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, त्या दिवशीही या खुर्चीवर एक जण होता, त्यानंच मला नंतर सगळं सांगितलं. ऐकत होता. डबा खात होता.
दार ओढून घेऊन गेल्या.

१.२५
ठोठावणं थांबलं. काचेवर तळवे. चार.
दोन मोठे. ते खाली घसरले. दोन लहान. ओले. ते माझ्याकडे —
उघडायला गेलो, शप्पथ, गेलो. कडी हलत नाही.

१.३०
बाहेरचं दारही — बाहेरून कडी —
इथंही फोम. इथंही फट नाही. हे माझ्या कधी लक्षातच —
काचेवरचे तळवे गेले. शेवाळ्याचा वास. या खोलीत.

ठोठावतोय. ओरडलो, मावशी, मी काही केलं नाही. खरंच, मी काहीच —
त्या जिन्यातच आहेत. किल्लीच्या भोकातून लुगडं दिसतं. हलत नाही. ऐकतायत. मी डाव्या हातानं ठोठावतोय आणि त्या नुसत्या ऐक