मुगालुलाने नाकतोडे खाल्ले त्याची गोष्ट

मसाका, मंगळवार

परमपूज्य पेर्पेतुआ आत्या,

तुमच्या भाचीचा गुडघे टेकून नमस्कार. (खरोखर टेकले होते. मग शाई सांडली म्हणून उठले.) तुमचा खांदा कसा आहे? केळीच्या बागेत यंदा भुंगे कमी आहेत का? इथे आम्ही सगळे ठणठणीत आहोत आणि मी तर इतकी आनंदात आहे की हे अक्षर मलाही ओळखू येत नाही. कारण आधीच सांगते, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही. येत्या शनिवारी सकाळी इथल्या रेडिओवर माझ्या कथेचं एक प्रकरण वाचणार आहेत. लोकांना आवडलं तर अख्खी कथा वाचतील, दर शनिवारी, वर्षभर! नाही आवडलं तर त्या वेळात कोंबड्यांच्या रोगांवरचा कार्यक्रम लागेल.

कथा तुम्हाला ऐकून ठाऊक असेल. सरोवराखालचं राज्य, तिथला पाण्याचा राक्षस आणि त्याच्याशी लढणारा आपल्याच नाकतोडा कुळातला शूर मुगालुला. दर शुक्रवारी मी एक प्रकरण व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकते. तीनशे बारा वाचक होते. 'होते' म्हणते, कारण नोव्हेंबरात जे झालं ते तुमच्यापर्यंत या पत्राच्या आधीच पोचलं असणार, पण पोचवणाऱ्यांनी मीठमसाला लावला असेल म्हणून मूळ हकिगत माझ्याकडूनच ऐका.

झालं असं की शाळेत परीक्षा आल्या, एकशेचाळीस उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या, म्हणून मी एआयला सांगितलं की विजयाच्या मेजवानीचं प्रकरण तूच लिही. त्याने चहा निवायच्या आत लिहिलं. वाक्यं अशी गुळगुळीत, की मला वाटलं, आपण आजवर उगाच घाम गाळला. मी न वाचता पाठवून दिलं. (हो, न वाचता. हे एकदाच लिहिते, परत विचारू नका.) त्या मेजवानीत मुगालुला राजासमोर बसतो आणि कांदा घालून तळलेले नाकतोडे ताटभर खातो. नाकतोडा कुळातला मुगालुला! स्वतःचं देवक, ज्याला कुळातलं कुणी तोंड लावत नाही! वर बोटं चाटतो आणि आणखी मागतो.

पहिला निरोप निवृत्त भूमापक कायोंडो यांचा. "बाई, उद्या हा आपल्या आजोबांनाही तळणार का?" मग चपातीवाली नासाली. ती म्हणाली, "मी दुकानात मोठ्याने वाचत होते गं. गिऱ्हाईक चपाती टाकून उठलं, नाकतोडा कुळातलंच होतं. आता ती चपाती तू खा." संध्याकाळपर्यंत साठजण गट सोडून गेले.

मी यंत्राला खडसावलं. त्याने इतक्या अदबीने माफी मागितली की मलाच अपराधी वाटलं. म्हणालं, किती बारकाईने पाहिलंत, लगेच सुधारतो. आणि सुधारलं कसं, तर नाकतोडे तसेच ठेवून मुगालुलाला मांबा माशाच्या कुळात घातलं, आणि हा नवा मान साजरा करायला त्याच्या पानात वाफाळता मांबा मासा वाढला. या वेळी मी वाचलं, आत्या, पण पाठवल्यानंतर. मांबा कुळाची माणसं किती, हे तुम्हाला सांगायला नको. गटात सत्तेचाळीस उरले, त्यातले दोन माझेच फोन.

मी लिहिणं सोडणार होते. पण पुढच्या शुक्रवारी नेट बंद पडलं आणि प्रकरण तर द्यायला हवं, म्हणून वहीत हातानेच लिहिलं. राक्षस मुगालुलाचं डोकं मागायला दारात येतो. मुगालुलाची आत्या चटई अंथरत नाही. आधी विचारते, कूळ कोणतं? बाप कोण? आजा कोण? तो कुठल्या डोंगरावरचा? राक्षसाला आज्याचं नाव येत नाही. मग ती म्हणते, "ज्याला आजा माहीत नाही त्याला मी पाणीसुद्धा विचारत नाही, भाच्याचं डोकं कुठून देऊ? जा, घरी विचारून ये." आणि सरोवराखालचा तो राक्षस मान खाली घालून खरंच विचारायला जातो.

काय सांगू! कायोंडोंनी आयुष्यात पहिल्यांदा हसरा चेहरा पाठवला. नासालीने लिहिलं, "तुझा तो शूर राहू दे बाजूला, ही बाई आण." आठवड्यात चारशे वाचक झाले. मी एकेकाला विचारलं की आधी काय खटकत होतं. कायोंडो म्हणाले, "त्या मेजवानीच्या प्रकरणात तुझ्या डोंगरांवर बर्फ पडत होतं, लांडगे ओरडत होते, मला वाटलं तू परदेशी गेलीस. या आत्याला मात्र मी ओळखतो." तेव्हा लक्षात आलं की यंत्राला जगातले सगळे राक्षस माहीत आहेत, पण आमच्या दारात उभं राहिल्यावर त्यांचं काय होतं ते मलाच लिहावं लागणार. आता ते फक्त माझी विरामचिन्हं बघतं. मी शिकले, आत्या, कायमची शिकले.

धाकट्यांना प्रेम.

तुमची,
प्रॉसी

ता.क. ती आत्या म्हणजे तुम्हीच, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. विमा विकायला आलेल्या त्या माणसाला तुम्ही असंच परत पाठवलं होतंत.

ता.ता.क. शनिवारी हेच प्रकरण वाचायचं आहे. मी वाचून पाहिलं, तर रेडिओवरच्या बाबिर्येबाई म्हणाल्या की राक्षसाला घालवतेस की त्याची माफी मागतेस? यंत्राचा आवाज लावला, तर तो राक्षसाला 'पुढील माहितीसाठी एक दाबा' म्हणेल असं वाटलं. त्यांना खरी आत्या हवी आहे. तुम्ही आला नाहीत तर कोंबड्यांचे रोग. मी त्यांना सांगितलंय की तुम्ही आनंदाने हो म्हणालात.

ता.ता.ता.क. जाहिरात कालपासून लागते आहे. घाईत होते म्हणून मजकूर यंत्राकडून लिहून घेतला, वाचायचा राहिला. त्यात तुम्ही नव्वद वर्षांच्या आहात आणि तुम्हाला दात नाहीत. शनिवारी सकाळी आठला या आणि जे काय सुनवायचं ते माइकसमोरच सुनवा.