बेचकीतली हिरवी मासोळी

मी ऊना मार्गारेट ट्रेलोर, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा गळाला लावायच्या लाकडी मासोळ्या कोरून रंगवणे, राहणार पेलिकन फ्लॅट, मरंबीन खाडीचा दक्षिण काठ, न्यू साउथ वेल्स, आल्बर्ट ऊर्फ आल्बी ट्रेलोर यांची विधवा (असे कोर्ट म्हणते), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे आणि डावा कान यांबद्दल त्यात जे लिहिले आहे त्याचा या कामाशी संबंध नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. माझ्या वकील मिस ट्रान यांनी छापील मजकूर आणला होता, तो मी चहाबरोबर परत केला. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे, आणि रागाच्या भरात मुलाला फोनवर ऐकवलेली दोन-तीन, मी याद्वारे रद्द करते.

कलम १. घर.

माझे राहते घर पत्र्याचे असून त्याला लागून कामाची खोली आणि पाण्यात उतरणारा लाकडी धक्का आहे. चतुःसीमा येणेप्रमाणे: दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस तिवरांची दलदल, पूर्वेस क्लेम हॅरिगनचे कुंपण, जे हातभर माझ्या हद्दीत आहे आणि हे त्यालाही ठाऊक आहे, उत्तरेस खाडी, व खाडीत काठाला टेकून आडवे पडलेले निलगिरीचे झाड.

इथे मिस ट्रान यांनी पेन खाली ठेवले. "मिसेस ट्रेलोर, खाडीचा तळ सरकारचा आहे. ते झाड तुम्हाला कुणाला देता येणार नाही."

"देत नाहीये गं, सीमा सांगतेय."

"मग पुढे 'झाडाला हात लावू नये' असं लिहिलंय ते?"

"ते सीमेचं वर्णन आहे."

शेवटी असे ठरले की घर, धक्का आणि कामाची खोली माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी टेगन हिला द्यावी, आणि झाडाबद्दल मी तिला विनंती करावी. विनंती करायला कायद्याची हरकत नाही. तेव्हा टेगन, माझी विनंती अशी की झाड हलू देऊ नकोस. नगरपालिकेची माणसे ट्रॅक्टर आणि साखळ्या घेऊन एकदा आली होती, पुन्हा येतील. त्या वेळी गावातले सगळे गळवाले माझ्याबरोबर धक्क्यावर उभे राहिले. बुडालेल्या लाकडात मासा घर करतो, लाकूड ओढून काढले की तिथे नुसते पाणी उरते, हे त्यांनी त्या साहेबांना इतके समजावले की साहेब जेवायच्या वेळेला निघून गेले. ते माशांसाठी उभे होते. मी कशासाठी उभी होते ते पुढे लिहिते.

घर मुलाला न देता भाचीला का, असे लोक विचारतील. त्याचेही उत्तर पुढे आहे.

कलम २. रॉस.

माझा मुलगा रॉस याला माझी बँकेतली सगळी शिल्लक, गाडी आणि ॲल्युमिनियमची होडी द्यावी. वाटणीत मी त्याच्यावर अन्याय केलेला नाही, हे तो शांतपणे बसला तर त्याला पटेल. त्याला घर हवे होते ते धक्का मोडून तिथे तरंगता फलाट बांधायला आणि त्याला ती किंचाळणारी पाण्यावरची स्कूटर बांधायला. त्यासाठी झाड मधून काढायला हवे होते.

स्वयंपाकघरात रॉसचा एक फोटो आहे. त्यात तो वीतभर रुंद, चपट्या डोक्याची मोठी फ्लॅटहेड मासळी उचलून हसतो आहे. इतकी मोठी फ्लॅटहेड ही मादीच असते, पोटात पुढच्या सगळ्या वर्षांचे मासे घेऊन फिरणारी. ती मोजायची, फोटो काढायचा आणि ओल्या हातांनी परत सोडायची, हे या खाडीत पोराटोरांनाही ठाऊक आहे. रॉसने ती कापली. वर म्हणाला, "आई, मासा आहे तो, पाहुणा नाही." मी तो फोटो भिंतीवरून काढला नाही, कारण त्यात त्याचे हसू आल्बीसारखे आले आहे. फोटो त्यालाच द्यावा.

रॉस, बाळा, तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. तू शाळेतून आलास तेव्हा बाप नव्हता, आणि मग सगळे गाव तुला सांगत राहिले की तो सोडून गेला. तू माझ्यावर ओरडला होतास, "झाडाखाली कुणी नाहीये आई! तो आपल्याला सोडून गेला, कळतंय का तुला?" मला राग आला नव्हता. मला भीती वाटली होती.

कलम ३. हत्यारे.

कोरायच्या सुऱ्या, पटाशा, देवदाराची वाळवलेली फळकुटे, रंग, काचेचे डोळे, शिशाचे मणी आणि गळ, हे सगळे पेलिकन फ्लॅट गळ मंडळाला द्यावे. अट एकच. रबराची मासोळी बरी की लाकडाची, हा वाद माझ्या नावाने ठेवलेल्या सभेत तरी काढू नये. रबराला मासा लवकर लागतो हे मी जिवंतपणी कबूल केले नाही, आता लेखी करते. पण लाकडाची मासोळी पाण्यात सोडली की ती काय करते आहे ते गळाच्या काठीतून हाताला कळते, आणि मला मासा लागण्यापेक्षा ते कळणे जास्त आवडत आले. कोळंबी आणि किडे लावून बसणाऱ्यांनी या वादात पडू नये.

मंडळाने झाडात अडकलेल्या मासोळ्यांची तोडणीही चालू ठेवावी. हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या उधाणाला ओहोटी लागते तेव्हा झाड कमरेपर्यंत उघडे पडते, आणि वर्षभर त्यात अडकून तुटलेल्या मासोळ्या फांद्यांवर लटकलेल्या दिसतात. आम्ही पोती घेऊन चिखलात उतरतो आणि आंबे उतरवावेत तशा त्या उतरवतो. ज्याची त्याला परत. माझ्या हातची असेल तर पोटाखाली कोरलेले अक्षर बघून माझ्याकडे येते.

एक बेचकी मात्र कुणी तोडत नाही. बुंध्याच्या खाली, पाण्याच्या बाजूला, दोन जाड फांद्या फुटतात ती. "ती आल्बीची," असे पहिल्या वर्षी मी म्हणाले, आणि कुणी का म्हणून विचारले नाही. तेव्हापासून नव्या माणसालाही पहिल्या दिवशी सांगतात: सगळीकडे हात घाल, आल्बीच्या बेचकीत घालू नको. मी स्वतःही घातलेला नाही.

कलम ४. क्लेम हॅरिगन.

शेजारी क्लेम हॅरिगन याला मी माझा राग देते. राग ही मिळकत नव्हे असे मिस ट्रान म्हणतात. साक्षीदाराला मिळकत घेता येत नाही, म्हणून मी क्लेमलाच साक्षीदार केले आहे. आता त्याला कुंपणाचा हातभर तुकडासुद्धा मागता येणार नाही.

राग कशाचा ते लिहून ठेवते. मोठा पूर आला त्या सकाळी आपण आल्बीला हमरस्त्यावर पाहिले, खांद्यावर गळाच्या काठ्यांची पिशवी होती आणि तो उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये चढला, असे क्लेम त्याच संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात बोलला. आल्बीला उत्तरेत होड्या दुरुस्त करायचे काम मिळत होते, आणि मी नको म्हणाले होते, हे गावाला माहीत होते. तेवढ्यावर गावाने त्याला तिकडे पोहोचवून दुसरा संसारही मांडून दिला.

मी क्लेमला कुंपणावरून दर वेळी एकच विचारत आले.

"तोंड पाहिलंस का त्याचं?"

"ऊना, पाठ ओळखतो मी त्याची."

"मी तोंड विचारतेय."

"अगं, पाऊस केवढा होता!" असे म्हणून तो आत जातो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीत कोळंबीची पिशवी ठेवतो. ती मी खात नाही. पेलिकन खातात.

कलम ५. आल्बी.

त्या सकाळी मी एकाच फळकुटातून कोरलेल्या दोन मासोळ्या रंगवून वाळत टाकल्या होत्या. हिरवी पाठ, पांढरे पोट, गळ्याखाली लाल ठिपका. पाऊस पत्र्यावर कोसळत होता. वरून गढूळ गोडे पाणी उतरत होते, आणि ते खाऱ्या पाण्याला भिडते त्या रेषेवर मोठा मासा उभा राहतो, म्हणून आल्बीला दम निघत नव्हता. तो दाराशी दोन्ही मासोळ्या हातात धरून उभा राहिला.

"यातली चांगली कुठली गं?"

"सारख्याच आहेत. कुठलीही घे आणि जा एकदाचा."

तो घराखालच्या काठावर उभा राहायला गेला. होडी धक्क्याला बांधलेलीच होती. दुपारी पाऊस थांबला तेव्हा मी बाहेर आले, तर तो काठच नव्हता. पुराने वरून आणलेले निलगिरीचे झाड त्या जागी रुतले होते. काठी नाही, थर्मास नाही, आल्बी नाही. पोलिसांचे पाणबुडे आले. त्यांना त्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. पाणी निवळेपर्यंत झाड वाळूत घट्ट बसले, आणि तोवर सगळ्यांचा क्लेमवर विश्वास बसला होता.

तेव्हा प्रश्न एवढाच आहे. आल्बी त्या झाडाखाली आहे, की मला सोडून गेला. तो झाडाखाली असेल तर हिरवी मासोळी त्या बेचकीत असणार, कारण प्रवाह तिथेच सगळे आणून अडकवतो. हे मला पहिल्या तोडणीलाच दिसले होते, आणि म्हणूनच मी म्हणाले की ती आल्बीची. हात घातला आणि मासोळी लागली तर तो मेला. नाही लागली तर तो गेला. दोन्हींपैकी काहीच मला नको होते.

आता आवाजाबद्दल. सकाळी पाणी पालटते त्या सुमारास झाडापलीकडे टप् असा आवाज येतो, मासोळी पाण्यावर पडल्याचा. मग पाणी दोनदा हलके हलते आणि मग काही नाही. आल्बी असाच ओढायचा. दोन हिसके देऊन इतका थांबायचा की बरोबरचा माणूस वैतागून निघून जाई. "ओढताना मासा नुसता बघतो," तो म्हणायचा, "थांबलं की घेतो." मी खिडकीशी जाते तेव्हा पाण्यावर वर्तुळे असतात. उडालेला मासाही तशीच वर्तुळे करतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण डॉक्टरांनी निकामी लिहिलेला डावा कान खिडकीच्या बाजूला असतो, आणि ऐकू येते ते त्याच कानाने.

हे मी कुणाला बोलले नव्हते. मागच्या ईस्टरला टेगन राहायला आली होती. पावाला लोणी लावता लावता म्हणाली, "मावशी, सकाळी कोण येतं गं झाडापाशी गळ टाकायला?"

"कुठे कोण?"

"दिसला नाही. दोनदा हिसका देतो आणि मग थांबतो. बाई बाई, केवढा थांबतो!"

माझ्या हातातली किटली ओट्यावर आपटली. रॉस या घरात वाढला, त्याला कधी काही ऐकू आले नाही. घर टेगनला का, त्याचे उत्तर हे.

कलम ६. माझी राख, आणि बेचकी.

माझे दहन करावे. राख कामाच्या खोलीतल्या रंगाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी आणि हिवाळ्यातल्या मोठ्या उधाणापर्यंत थांबावे. त्या दिवशी तोडणी झाली, मंडळी चहाला वर गेली, की टेगनने एकटीने खाली राहावे आणि आल्बीच्या बेचकीत हात घालावा. मी असेपर्यंत ते कळणे मला सोसले नसते. नंतर सोसण्याचा प्रश्न येत नाही.

पोरी, घाई करू नकोस. खांद्यापर्यंत हात जाईल, कालवे लागतील, जाड हातमोजे घाल. हिरवी मासोळी मिळाली तर ती माझ्या राखेत ठेव. आणखी काही हाताला लागले तर ते हलवू नकोस, डबा त्याच्याशेजारी ठेव.

मासोळी मिळाली नाही तर कामाच्या खोलीत खिडकीच्या वरच्या फळीवर एक काड्यापेटी आहे. तिच्यात दुसरी आहे, त्या दिवशी उरलेली. ती माझ्या राखेत ठेव आणि डबा त्याच बेचकीत बसव.

झाकण घट्ट लाव आणि मग चहाला वर जा. कुठली ठेवलीस असे रॉस विचारेल, क्लेम तर विचारेलच. कुणाला सांगू नकोस. मी विचारले तर मलासुद्धा नको.

ठिकाण: पेलिकन फ्लॅट, स्वयंपाकघर
तारीख: १९ जून २०१८

सही: ऊना मार्गारेट ट्रेलोर

ऊना ट्रेलोर यांनी हा मजकूर आम्हाला वाचून दाखवला व आम्हा दोघांच्या देखत सही केली, म्हणून आम्ही एकमेकांसमक्ष सह्या करतो.

साक्षीदार १: डोरीन पॅक, पोस्ट ऑफिस, पेलिकन फ्लॅट

साक्षीदार २: क्लेमेंट हॅरिगन, शेजारी. तोंड मी पाहिले नव्हते. क्ले. हॅ.

वाचले. कलम सहा आहे तसेच राहील. ऊ. ट्रे.