नकाशावरच्या पुलाबाबत होडीवालीचा अर्ज

प्रति,
माननीय उपसंचालक,
नदीकाठ पायवाट व सायकलमार्ग विभाग.

विषय : नसलेल्या पुलामुळे नाकारलेला होडीचा परवाना परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. मार्ग/२१७ (‘पूल उपलब्ध असल्याने होडीची आवश्यकता नाही’).

महोदय,

१. वरील पत्रातली आवश्यकता नसलेली होडीवाली ती मीच. सासऱ्यांचे हात थकले तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षे, माणसे, सायकली आणि एकदा आरशाचे कपाट मी या काठावरून त्या काठावर नेले आहे. आपले पत्र मिळताच पूल बघायला मुद्दाम गेले. पाणी होते.

२. हा पूल आला कुठून, हे मला पक्के ठाऊक आहे. गेल्या थंडीत आपले मोजणीवाले साहेब सायकलवरून रस्ता आखत आले. सायकलच्या दांड्यावर त्यांचे वाट टिपणारे यंत्र होते. “ताई, सायकल तशीच चढवा होडीत, यंत्र बंद करता येत नाही,” म्हणाले. मी चढवली. यंत्राने पाण्यावरून सरळ रेघ ओढली. सायकल गेली म्हणजे रस्ता, आणि पाण्यावर रस्ता म्हणजे पूल, असा शोध आपल्या कचेरीने पंख्याखाली बसून लावला. उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकले होते. खुर्चीवरून पूल बांधतात हे आता कळले. थोडक्यात, आपला पूल म्हणजे माझी होडी, आणि तीच आपण बंद केली.

३. हे सांगायला मी चार वेळा कचेरीत आले. खिडकीतल्या कारकुनाने नकाशा माझ्याकडे फिरवला आणि म्हणाला, “बाई, नकाशात आहे म्हणजे आहे. दिसत नसेल तर डोळे तपासा.” तपासले. दाखला सोबत जोडला आहे. डोळे ठणठणीत आहेत.

४. फिरायला येणारे लोक रोज काठावर येऊन नकाशा उलटासुलटा करतात. परवा एक जोडपे पूल दहा वाजता उघडेल म्हणून बसून राहिले. मला त्यांना नेता येत नाही. घर या होडीवरच चालते. सासरे अंथरुणातून रोज विचारतात, “होडी सोडलीस का गं?” मी हो म्हणते. त्या म्हाताऱ्याशी खोटे बोलावे लागते याचा मला आपल्या पत्रापेक्षा जास्त संताप येतो.

५. येत्या रविवारी या मार्गाचे उद्घाटन आहे. पत्रकानुसार दोनशे सायकलस्वार पूल ओलांडतील आणि सर्वांत पुढे आपण असाल. मी कायदा पाळणारी बाई आहे. परवान्याशिवाय दोर सोडणार नाही. तरी शनिवारपर्यंत परवाना द्यावा. देणे जमत नसेल तर आपण ठरल्याप्रमाणे सर्वांत पुढेच राहावे. पाणी मधोमध दोन पुरुष खोल आहे, आणि मागच्यांना ते आपल्यावरून कळेल.

आपली, काठावर हजर असलेली,
(सही)
होडीवाली
दिनांक : रविवारच्या आधीचा सोमवार