नाचात न घेण्याबद्दल

प्रिय,

पुढे नाव लिहायला हवं, पण गाडी इथेच अडली. तुझं खरं नाव मी शाळेत शेवटी शेवटी घेतलंच नाही, आणि ज्या नावाने हाक मारायचो ते लिहायला आता हात धजत नाही. तेव्हा नुसतंच 'प्रिय' राहू दे. अक्षरावरून तू मला ओळखशीलच. कोंबडीचे पाय शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं आहे, असं तूच म्हणायचास.

शाळेतल्या खेळाच्या सामानाच्या खोलीत बसून लिहितोय. एकच खिडकी, तिलाही जाळी. गुंडाळलेल्या चटया, हवा गेलेले फुटबॉल, फाटकी जाळी आणि मधे मी. बावीस वर्षं या खोलीची किल्ली कमरेला लावून फिरतोय. पोरं मागे मला 'गेंडा सर' म्हणतात. मला माहीत नाही, असं त्यांना वाटतं. वाटू दे. गेंडा होणं सोपं नव्हतं, पण एकदा झालं की उतरवून ठेवता येत नाही, ही खरी अडचण.

महिन्याभरापूर्वी आमच्या नव्या मोठ्या बाईंनी सभेत विचारलं, की वार्षिक कार्यक्रमात गेली बारा वर्षं नाचायला सगळ्या मुलीच कशा? मुलगे काय खुर्च्या उचलायला आणि पडदा ओढायला जन्माला आलेत? यंदा नाचात निम्मे मुलगे हवेत. पण आणणार कोण? नाच शिकवणाऱ्या बाई अगदी तरुण, नोकरीचं दुसरंच वर्ष. त्या पटकन म्हणाल्या, "मुलं सरांचं ऐकतात." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि 'हो' बाहेर पडलं.

पाचवीपासून आठवीपर्यंत एकेका वर्गात गेलो. नाचात कोण येणार, हात वर करा म्हटलं. एकही हात वर आला नाही. एका वर्गात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आम्ही काय बायका आहोत का?" वर्ग खदखदून हसला. मी डाफरायला हवं होतं. पण माझ्याच ओठांवर सवयीने हसू आलं, कारण ते वाक्य मूळचं माझंच. बायकांसारखा काय धावतोस, मुलीसारखा मुळूमुळू रडतोस काय, असं बावीस वर्षं मैदानावर मीच ओरडत आलोय. भिंतीची एकेक वीट मी रचली आणि आता मलाच म्हणतायत, यात दार पाड. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी माझी गत.

आपल्या नाचाच्या बाई आठवतात? गुडघा दुखायचा म्हणून खुर्चीत बसून लाकडी पट्टीने टेबलावर ताल धरायच्या. आपण सातवीत होतो. तू नाचासाठी गेलास आणि मी तुझ्या सोबतीला, असं मी जगाला सांगायचो. खरं काय ते आज सांगतो. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्यासाठीच यायचो. वडिलांच्या गॅरेजमागे जुन्या टायरांचा ढीग होता, त्याच्या आडोशाला पावलं घोकायचो. त्या नाचात तू वादळ होतास आणि मी जहाज. तू गिरक्या घेत माझ्याभोवती यायचास आणि मी डुलत डुलत आडवा व्हायचो. एकदा बाईंची पट्टी मधेच थांबली आणि त्या म्हणाल्या, "अरे, भिंगरी आहे हा, भिंगरी!" केवढा खूश झाला होतास तू. घरी जाताना चार वेळा मला विचारलंस, बाई नक्की काय म्हणाल्या ते.

मग तो दिवस आला. मी डबा विसरलो होतो, तो द्यायला वडील शाळेत आले. तेलकट कपड्यांनी दारात उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे काय चाललंय?" मी तुझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "मी नाही, हा मला ओढून आणतो. भिंगरीबाई आहे ही!" आणि हसलो. वडीलही हसले. चारचौघांत त्यांनी कधी मला जवळ घेतलं नव्हतं, त्या दिवशी खांद्यावर हात टाकला. मी घाबरून बोललो, असं आजवर स्वतःला सांगत आलो. पण तो हात मला गोड लागला, हेही तितकंच खरं.

पुढचं तू भोगलंस, मी फक्त पाहिलं आणि सगळ्यांसारखी तीच हाक मारली. बाकावर, फळ्यावर, मुतारीच्या भिंतीवर तेच नाव. बाईंनी कौतुकाने दिलेला शब्द मी एका 'बाई'ने नासवला. तू नाचाला यायचं बंद केलंस. बाई तुझ्या घरी गेल्या तर तुझ्या आईने सांगितलं, त्याचं पोट दुखतं. पोटदुखी दोन महिने चालली. कार्यक्रमात वादळ एका मुलीने केलं, जहाज दुसरीने, आणि मी पडद्याची दोरी धरून उभा होतो. वर्ष संपता संपता तुझ्या वडिलांची बदली झाली आणि तुम्ही गेलात. मला हायसं वाटलं रे. आता उरलो फक्त मी, आणि माझं काय चुकलं ते सांगणारं कुणी नव्हतं.

सुटलो मात्र नाही. एकदा मर्द ठरलो की रोज ठरावं लागतं. गोळाफेक, कुस्ती, मग ही नोकरी. घरी गाणं लागलं की माझी बोटं टेबलावर वाजायला लागतात आणि बायको आली की थांबतात. ती म्हणते, "अहो, वाजवा की, मी काय पोलीस आहे?" लग्नाला अठरा वर्षं झाली, अजून तिच्यासमोर वाजवलं नाही.

यंदा सहावीच्या हजेरीत तुझं आडनाव वाचलं आणि मान वर केली, तर तुझेच कान, तुझीच हनुवटी. संध्याकाळी फाटकावर स्कूटरवर तू होतास. तुझं हेल्मेट डोक्यावरच राहिलं. मीही शिट्टी तोंडात धरून ठेवली, बोलायची वेळ येऊ नये म्हणून. पाच महिने रोज हेच चाललंय.

आणि नाचासाठी पहिलं नाव कुणाचं आलं असेल? तुझ्या मुलाचं. मधल्या सुट्टीत एकटा या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "सर, मुलांमध्ये मी एकटाच असलो तर चालेल ना?" मी यादीत त्याचं नाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपला बाकजोडीदार आणला, मग फुटबॉलचा गोलकीपर, मग तो 'आम्ही काय बायका आहोत का'वालासुद्धा. नऊ जण झाले. मोठ्या बाईंनी सभेत माझं कौतुक केलं, ते मी मुकाट गिळलं. शिस्तीच्या निमित्ताने तालमीला बसतो. मागच्या आठवड्यात तुझ्या पोराने गिरकी घेतली आणि मला उठून बाहेर जावं लागलं. नळ सोडून उगाच तोंड धूत राहिलो.

सोमवारी त्याच्या डायरीतून तुझी चिठ्ठी आली. वर 'क्रीडाशिक्षकांस', खाली विषय: पाल्यास नाचात न घेण्याबद्दल. त्याऐवजी त्याला एखाद्या मैदानी खेळात घालावे, ही विनंती. चार ओळी, वळणदार अक्षर. पहिल्यांदा वाटलं, तू मला बरोबर जागी मारलंस. पण पुन्हा पुन्हा वाचल्यावर कळलं की त्यात टोमणा नाहीच. तुला नुसती भीती आहे. माझ्यासारख्या पोरांपासून आपलं पोर वाचवायला तू ते माझ्याच ताब्यात देतोयस, याला माझ्यासारखं करा म्हणून. आपण दोघं कुठे येऊन अडकलोय बघ.

काल मी सहावीच्या वर्गात दार लावून घेतलं आणि पोरांना सगळं सांगितलं. मी नाचायचो, मला आवडायचं, आणि स्वतःला वाचवायला मी एका मुलाचं नाव नासवलं. कुणी हसलं नाही. गोलकीपरने विचारलं, "मग त्या मुलाचं काय झालं, सर?" मी म्हणालो, माहीत नाही. तुझा मुलगा तिसऱ्या बाकावर बसला होता.

वर्ग सुटल्यावर तो मागे थांबला. तालमीला तो अजूनही येतो, पण दप्तर मांडीवर घेऊन भिंतीशी बसतो. बाकीचे नाचताना त्याचे पाय बुटातल्या बुटात हलत असतात. मला वाटलं, चिठ्ठीबद्दल विचारेल. त्याने विचारलं, "सर, बाबांना माझी लाज वाटते का?" मी त्याला पाणी प्यायला पाठवलं. जाता जाता तो म्हणाला, परवाच्या तालमीला पुन्हा विचारेन. म्हणून हे पत्र. माफी मागतोय, पण ती तू दे किंवा देऊ नकोस. चिठ्ठीवर सही करून मुलाला नाचातून काढायचं असेल तर तेही करीन, बाप तू आहेस. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर या शाळेत फक्त मला माहीत आहे, आणि ते सांगायचा हक्क मला नाही. ते तू सांग. तुला जड जात असेल तर मला सांगू दे. तुझा एक शब्दही कमी न करता आणि माझा एकही न लपवता सांगेन. साडेचारला फाटकावर हे तुझ्या हातात देतो. तो उद्या पुन्हा विचारणार आहे.

तुझाच,
सातवीतला बाकजोडीदार