फ्रीमँटलच्या पुढे

हॅम्बर्ग,
११ फेब्रुवारी १९५९

सौ. मालिनीवहिनींस,
भास्करचा नमस्कार.

तुमचे पत्र आणि दादाच्या छातीचे एक्स-रे दोन्ही पोचले. पुठ्ठ्यात घालून पाठवलेत ते बरे केलेत. पाकीट भिजले होते, आतले कोरडे राहिले. माझे ठीक आहे. थंडी फार आहे. नदीतून बर्फाचे तुकडे वाहत येतात आणि त्यांच्यामधून फेरीबोटी चालू असतात. प्रबंध पुढे सरकत नाही. पण हे मी दर पत्रात लिहितो, तेव्हा ती बातमी नव्हे.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पहिली, मेलबर्न सोडून मुंबईला परतायचे तर बोट कुठल्या बंदरातून घ्यावी. याचे उत्तर माझ्याकडे जवळजवळ तयार आहे. ज्या प्रवासी कचेरीत मी दुपारी काम करतो, तिथे सध्या हेच चालले आहे. इथल्या लोकांकडे आता पैसा आला आहे. दहा वर्षांपूर्वी बटाट्यांसाठी रांगेत उभी राहणारी माणसे आज विचारतात, ऑस्ट्रेलियात जाऊन बोटीची सहल करायची तर सिडनीहून चढावे की मेलबर्नहून? त्यांच्यासाठी मी पुस्तिका लिहितो आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर फ्राऊ पेटरसन ती टाइप करतात. त्या म्हणतात, "हेर भास्कर," म्हणजे श्रीयुत भास्कर, "तुम्ही न पाहिलेल्या शहरांवर फार छान लिहिता. पाहिली असतीत तर जमलं नसतं."

सिडनीचा धक्का शहराच्या पोटातच आहे. बोट सुटते तीही तिथूनच, म्हणून केबिन रिकामी, धुतलेली मिळते आणि निजणाऱ्याला आधी जाऊन निजता येते. सहलीला जाणाऱ्यांनी सिडनीच घ्यावे, असे मी पुस्तिकेत लिहिले आहे. पण तुम्हाला मेलबर्नहून आधी उलट दिशेला जावे लागेल. ब्रिस्बेनचे तेच, आणि तिथे नदीतून बाहेर पडण्यातच वेळ जातो.

मेलबर्नला आगगाडी थेट धक्क्यावर येते. डब्यातून उतरले की समोर बोट. दादाला चालावे लागणार नाही. ॲडलेडचे बंदर शहरापासून दूर आहे आणि उन्हाळ्यात तिथे वाऱ्याबरोबर धूळ येते. फ्राऊ पेटरसन यांची बहीण तिथे राहते. ती दर पत्रात धुळीबद्दल लिहिते.

फ्रीमँटल मुंबईला सगळ्यात जवळ. नकाशा पाहून तुम्ही तेच ठरवत आणले आहे, असे पत्रावरून वाटले. मेलबर्न ते फ्रीमँटल आगगाडीने जावे म्हणजे दक्षिणेचा खवळलेला समुद्र टळेल, हा तुमचा विचार बरोबर आहे. पण त्या रस्त्यावर रुळांची रुंदी बदलत जाते आणि दर वेळी गाडी बदलावी लागते. मधे वाळवंट आहे. हे दादाला जमणार नाही. विमान तिथल्या डॉक्टरांनी आधीच नाकारले आहे. तेव्हा मेलबर्न.

एवढे लिहून मी पत्र बंद केले होते. आज ते पुन्हा उघडले आहे.

दुसरा प्रश्न एक्स-रेंचा, त्याचे उत्तर असे. मी एक्स-रे घेऊन इथल्या इस्पितळात गेलो. डॉक्टर वयस्कर आहेत, हळू बोलतात. त्यांनी फिल्म खिडकीपाशी धरली. बाहेर उजेड फारसा नव्हता, तरी त्यांनी दिवा लावला नाही. "आल्झो," म्हणजे "हं, तर", असे ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमचे भाऊ किती वर्षांचे?" मी सांगितले, अडतीस. त्यांनी फिल्म पुन्हा पुठ्ठ्यात घातली, कडा नीट जुळवून. मी विचारले, महिने किती? ते म्हणाले, "आठवडे म्हणा. किती ते मला माहीत नाही. कोणी आकडा सांगितला तर विश्वास ठेवू नका."

मी विचारले, बोटीचा प्रवास? ते म्हणाले, "कोणाला करायचा आहे? त्यांना की तुम्हाला सगळ्यांना?" मी पुठ्ठा काखेत घेऊन निघालो.

वहिनी, हे तुम्हाला ठाऊक असणार. नसते तर तुम्ही एक्स-रे माझ्याकडे पाठवले नसतेत. तरी मी चार दिवस बंदरांवरच लिहीत बसलो.

आता जे लिहायचे ते बोटीबद्दलच आहे. बोटीवर कोणी गेले तर शव ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थोडा वेळ बंद करतात. मग पुन्हा सुरू करतात. कचेरीत अशा तारा येतात, त्या मी पाहिल्या आहेत.

बाबा नागपूरला वारले तेव्हा आई मिरजेला होती. ती पोचायच्या आत सगळे झाले होते. मी लहान होतो, पण मला आठवते, तिचा विश्वासच बसत नव्हता. अस्थी हातात दिल्या तेव्हा ती रडली. दादाच्या बाबतीत तिच्या हातात काहीच आले नाही तर ती काय करील? तिचे पत्र आले आहे. धक्क्यावर कोणीकोणी जायचे ते तिने ठरवून टाकले आहे. तिला फक्त खोकला माहीत आहे. लिहिते, "मला दिसला की बरा होईल."

हे मी फ्राऊ पेटरसन यांना सांगितले. घरात कोणी नाही, कोणाला तरी सांगावे लागते. त्या टाइप करायच्या थांबल्या. पंचेचाळीस साली रशियन आले तेव्हा त्या वडिलांना घेऊन पूर्वेकडून बोटीने पळाल्या होत्या. वडील बोटीवरच वारले.

"मग?" मी विचारले.

"मग काय. समुद्र." पुढे म्हणाल्या, "तेव्हा आम्ही एवढंच पाहिलं की चढायला मिळतंय ना. तुम्ही तुमच्या वहिनींना चढायचं बंदर काय सांगत बसलात? उतरायचं सांगा." आणि त्या पुन्हा टाइप करू लागल्या.

त्यांचे म्हणणे बरोबर आहे. बोट कुठूनही घेतली तरी फ्रीमँटलच्या पुढचे पाणी सगळ्यांना सारखेच. तिथून थेट कोलंबो. मधे जमीन नाही. पण मेलबर्नहून चढलात तर ॲडलेडला उतरता येते, फ्रीमँटललाही उतरता येते. दोन्हीकडे इस्पितळे आहेत आणि दहनाची सोय आहे. मी चौकशी केली. फ्रीमँटलला दादाकडे नीट पाहा. त्याला नव्हे, बोटीवरच्या डॉक्टरांना विचारा. थोडी जरी शंका वाटली तर उतरा. मग पुढचे मी येऊन करीन. कसा येईन ते आज सांगता येत नाही, पण येईन.

मेलबर्नहून दोन जागा राखून ठेवल्या आहेत. आईला यातले काही लिहिलेले नाही.

दादाला नमस्कार सांगा. त्याला वेगळे लिहिणार होतो.

तुमचा दीर,
भास्कर


फ्रीमँटल, बोटीवरून
६ मार्च १९५९

चि. भास्करभावजींस मालिनीचे आशीर्वाद.

बोट संध्याकाळी सुटायची आहे. हे खाली पोस्टात पडावे म्हणून घाईने लिहिते. अक्षर लागले नाही तर रागावू नका.

मेलबर्नला तुम्ही लिहिलेत तसेच झाले. गाडी धक्क्यावर गेली. दोघा हमालांनी ह्यांना खुर्चीत बसवून वर आणले. हे त्यांना म्हणाले, "लग्नातसुद्धा मला कोणी असं उचललं नव्हतं." ते हसले. इंग्रजीत सांगितले होते, त्यांना कळले, म्हणून मला लाज वाटली.

तुमचे पत्र मी ह्यांच्यापासून लपवून ठेवले होते. ॲडलेड गेल्यावर हेच म्हणाले, "भास्करनं बंदरांवर चार पानं लिहिली असतील तर पाचव्या पानावर डॉक्टर असणार. वाच." मी वाचले. सगळे वाचले. ऐकून म्हणाले, "त्या पेटरसनबाई हुशार आहेत. पोराला म्हणावं, प्रबंध त्यांच्याकडूनच लिहून घे."

मग तो दक्षिणेचा खवळलेला समुद्र लागला. बोटीवर एक माणूस उभा राहत नव्हता. मी तीन दिवस आडवी होते. आणि ह्यांना काही नाही! सहा महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून खायला मागितले. उकडलेली दोन अंडी खाल्ली. मला उलट्या होत होत्या तेव्हा भांडे ह्यांनी धरले. पलंगावर बसून, एका हाताने कठडा पकडून. मी नको नको म्हणत होते. म्हणाले, "तू एवढे दिवस धरलंस. आज माझी पाळी. बघ तरी, अख्खी बोट माझ्यासारखी झाली आहे."

तो दिवस चांगला गेला, हे तुम्हाला सांगायचे होते. त्यानंतर फार खालावले आहेत. काल रक्त पडले.

आज सकाळी बोटीचे डॉक्टर आले. मी तुम्ही सांगितलेत तसे त्यांना बाहेर नेऊन विचारले. ते म्हणाले, उतरा. खाली इस्पितळाची गाडी मागवतो. मी आत आले आणि बॅग काढून ह्यांचे सदरे भरायला लागले.

हे म्हणाले, "कुठे?"

मी म्हटले, "खाली."

"खाली कोण आहे आपलं?"

मी सदऱ्यांच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "आईला बाबांच्या अस्थी दिल्या तेव्हा भास्कर लांब उभा होता. त्यानं तिला रडताना पाहिलं. मी तिच्याशेजारी होतो. रडायच्या आधी ती म्हणाली, 'एवढंच?' ते मी ऐकलं आहे. मला तिच्याकडे तसं जायचं नाही. पोचलो तर पुरता पोचेन, नाहीतर नाही." एवढे बोलून दमले आणि डोळे मिटून पडले.

भावजी, ह्यांचे ऐकून मी ठरवले असे समजू नका. मी डेकवर गेले. जिना लावलेला होता, लोक खाली जात होते, फळे विकत घेऊन वर येत होते. मी बराच वेळ पाहत राहिले. उतरले तर पुढच्या बोटीवर मी एकटी चढणार, हातात डबा घेऊन. आणि मुंबईच्या धक्क्यावर आई माझ्या मागे बघणार. ते मला होणार नाही. इथून पुढे काय होईल ते होईल, पण तोवर आम्ही दोघे असू.

डॉक्टरांना सांगितले. ते चिडले नाहीत. मानेनेच बरे म्हणाले आणि एक औषध जास्तीचे ठेवून गेले. मी बॅग परत वर ठेवली.

तुमचे मन दुखावेल. तुम्ही एवढे शोधून लिहिलेत आणि आम्ही ऐकले नाही. पण तुम्ही लिहिले नसतेत तर आम्ही नुसते वाहत गेलो असतो. आता जातो आहोत ते जाणून जातो आहोत.

आईंना तुम्हीच लिहा. सगळे लिहा. मला त्यांच्याशी खोटे बोलवणार नाही आणि खरे सांगायला मी तिथे नाही. आम्ही निघालो आहोत, हे सांगा.

पत्रे घेणारा माणूस दारोदार हाका मारतो आहे.

तुमची वहिनी,
मालिनी श्रीरंग


हॅम्बर्ग,
११ मार्च १९५९

ती. दादास,
भास्करचा नमस्कार.

इतके दिवस मी वहिनींनाच लिहीत होतो. तुला लिहायला बसलो की काय लिहू नये तेवढेच सुचत असे.

वहिनींचे पत्र आज सकाळी मिळाले. दुपारी कचेरीत गेलो नाही. आईला लिहिले. सगळे लिहिले, तू अंडी खाल्लीस तेही. ती तुझ्यावर रागावेल की माझ्यावर ते कळत नाही. बहुधा माझ्यावर.

तुमची बोट आज कुठे असेल ते मला नकाशावर दाखवता येते. कचेरीतून बोटीवर तार करून विचारताही येते. संध्याकाळी खोलीवर डोकावून फ्राऊ पेटरसन म्हणाल्या, "विचारा, मी पाठवते." मी नको म्हटले. त्या म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. मीसुद्धा विचारलं नसतं."

दादा, उतरा असे मी लिहिले ते आईसाठी लिहिले असे मला वाटत होते. ते तसे नव्हते. मला माझ्या डोळ्यांसमोर तू एखाद्या जागी हवा होतास. इस्पितळात, खाटेवर, कुठल्या तरी गावात. त्या गावाचे नाव मला माहीत असते.

इथे आज पाऊस आहे. नदीतला बर्फ गेला. मोठ्या बोटी भोंगे वाजवत बाहेर पडतात, ते माझ्या खोलीत ऐकू येते. नवीन काही नाही. प्रबंध पेटरसनबाईंकडून लिहून घ्यावा म्हणतो.

हे पत्र विमानाने कोलंबोला जाईल आणि तुमच्याआधी पोचेल. बोट लागली की एजंटाचा माणूस वर येऊन प्रवाशांची पत्रे वाटतो. वहिनींना वेगळे लिहिलेले नाही. पाकिटावर तुझे एकट्याचे नाव घातले आहे. त्याने ते मोठ्याने पुकारले की ओ दे.

वाट पाहणारा तुझा,
भास्कर